अपुऱ्या कामाची जागा

मराठी समीक्षेत 'कारागिरी' हा शब्द निंदेसाठी वापरण्याची जुनी रीत आहे. कथेची बांधणी पक्की आहे, पण ती मनात उतरली नाही, की 'कारागिरी आहे, कला नाही' एवढे लिहून समीक्षक मोकळा होतो. हे वाक्य लिहिणाऱ्यांपैकी कितीजणांनी कारागिराचे टेबल ऐन कामाच्या मध्यावर पाहिले असेल, याविषयी आम्हांला दाट शंका आहे. बांधणी, घाट, वीण, घडण ही आपली सगळी लाडकी रूपके हातकामातून उसनी आणलेली. आणि ज्याच्याकडून आणली त्याच्या दारात आपण पुन्हा फिरकलो नाही.

आम्हांला इथे एका फार लहान टेबलाविषयी भांडायचे आहे. लांबी दोन फूट, रुंदी दीड फूट. त्यावर प्लॅस्टिकच्या सुट्या भागांतून विमाने, रणगाडे, जहाजे यांच्या प्रमाणबद्ध प्रतिकृती बांधल्या जातात. प्रौढ माणसांचा हा पोरखेळ आहे असे मानणारे एका बाजूला आहेत, आणि त्यासाठी खणांच्या पेट्या, रंगांच्या घडवंच्या, फिरते दिवे विकणारे दुसऱ्या बाजूला. दोघांनाही जे दिसत नाही ते आमच्या मते असे : छंदाच्या टेबलाची मांडणी म्हणजे अपुरे काम जागच्या जागी राहू देण्याची सोय. ती सोय घरात कोणाला मिळते आणि कोणाच्या खर्चाने मिळते, हे न विचारता जो कोणी टेबल लावायला शिकवतो तो निव्वळ दुकानदारी करतो.

उदाहरण मिग-२१ चे घेऊ. नाशिकजवळच्या ओझरला ज्याची बांधणी झाली आणि जे २०२५ च्या सप्टेंबरात भारतीय हवाई दलातून निवृत्त झाले, ते हे विमान. प्रतिकृतीचे माप १/७२, म्हणजे एका इंचात सहा फूट; सहा फुटी माणूस बरोबर एक इंचाचा होतो. हे माप १९३६ साली इंग्लंडात 'फ्रॉग' या कंपनीच्या 'पेंग्विन' मालिकेने रूढ केले आणि १९५३ च्या 'एअरफिक्स'च्या स्पिटफायरनंतर ते घरोघरी गेले. मधल्या महायुद्धात शत्रूची विमाने आकृतीवरून ओळखता यावीत म्हणून याच मापाच्या प्रतिकृती सैनिकांच्या शिक्षणात वापरल्या गेल्या. पोरखेळ म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे. तर मिगच्या पंखांचा पल्ला ७.१५ मीटर, तो या मापात जेमतेम दहा सेंटिमीटर भरतो. लांबी नाकावरच्या दांडीसकट वीतभर. पुरे झालेले विमान पुस्तकाच्या फळीवर दोन कोशांच्या मधल्या फटीत राहील.

पण पुरे न झालेले विमान? खोके उघडले की पाच-सहा प्लॅस्टिकच्या चौकटी निघतात, त्यांना सगळे भाग फांदीला फळे असावीत तसे चिकटलेले. सूचनापत्रक उलगडले की अर्धे टेबल गेले. रंगांच्या बाटल्या, पाण्याचे भांडे, कटर, चिमटा, पाते, पॉलिश पेपरचे तुकडे. पुरी वस्तू वीतभर आणि अपुरी वस्तू टेबलभर, हा या कामाचा पहिला नियम आहे. कादंबरी लिहिणाऱ्यालाही तो लागू आहे. फरक एवढाच, की कादंबरीची टिपणे बाडात बांधून ठेवता येतात आणि ओला रंग बाडात बांधता येत नाही.

दुसरी गोष्ट वाट पाहण्याची. प्लॅस्टिकचा द्रव गोंद हा खळ किंवा फेव्हिकॉल यांच्या जातीचा नव्हे. तो दोन्ही कडा विरघळवतो आणि त्या एकमेकींत मिसळून पुन्हा घट्ट होतात. सांधा काही मिनिटांत धरतो, पण तो घासण्याजोगा व्हायला दिवसभर थांबणे बरे. उतावळेपणाने आजच घासून गुळगुळीत केलेली सांध काही दिवसांनी आतले प्लॅस्टिक आकसल्यावर खोलगट रेघेच्या रूपाने परत वर येते. तेलात कालवलेला एनॅमल रंग रात्रभर तरी मागतो. ॲक्रिलिक लवकर वाळतो, पण थरावर थर चढवायचा तर त्यालाही सवड हवी. पावसाळ्यात लॅकर हवेतली ओल पकडून पांढुरके पडते. झटपट चिकटणाऱ्या फेव्हिक्विकसारख्या गोंदाची वाफ कॉकपिटच्या पारदर्शक झाकणावर धुके आणते, म्हणून तिथे तो वर्ज्य. आणि या सगळ्याला क्रम आहे. कॉकपिट आधी रंगवायचे, मग धडाचे दोन अर्ध एकत्र आणायचे, कारण नंतर आत ब्रश जात नाही. धड मिटण्यापूर्वी नाकात शिसे भरायचे. नाहीतर तीन चाकांवर उभे राहायचे विमान शेपटीवर बसते, आणि तोवर ते उघडायची वेळ निघून गेलेली असते. एका विमानाच्या तीन आठवड्यांत हात प्रत्यक्ष चालतो तो फार थोडा वेळ. उरलेला काळ ती वस्तू धक्का न लागता, धूळ न बसता, कोणी 'जरा आवरून' न ठेवता पडून राहिली पाहिजे.

तेव्हा टेबलावर मुख्यतः मांडायचा असतो तो हा पडून राहण्याचा काळ. हाताच्या आवाक्यात काय असावे, हे आजच्या पायरीवरून ठरते. कापायचा दिवस असेल तर कटर उजवीकडे आणि चौकट डावीकडे. रंगाच्या दिवशी कटर खणात गेला पाहिजे, कारण रंगलेल्या वस्तूवर जे पडते ते नेहमी टोकदारच असते. उघडी बाटली हात आणि वस्तू यांच्या मध्ये कधी नसावी. ती जड बुडाच्या वाटीत बसवावी. पाण्याचे भांडे आणि चहाचा पेला एकाच बाजूला ठेवणाऱ्यांबद्दल आम्ही अधिक काही बोलत नाही. भाग सगळे एकदम कापून सुटे करू नयेत, हे तर आम्ही ठामपणे सांगू. प्रत्येक भागाचा क्रमांक त्याच्याजवळ चौकटीवर छापलेला असतो. भाग सुटला की क्रमांक गेला. चौकट हीच त्या संग्रहाची सूची आहे, आणि शहाणा माणूस सूची जाळून मग ग्रंथ शोधायला बसत नाही.

ही विद्या परदेशी मासिकांतून शिकायची गरज नव्हती. आपल्या प्रत्येक स्वयंपाकघरात मिसळणाचा डबा आहे. एका झाकणाखाली सात वाट्या, त्या रंगांच्या सौंदर्याने लावलेल्या नसतात. फोडणीचा हात तेल तापल्यावर ज्या क्रमाने जातो त्या क्रमाने लावलेल्या असतात. लावणारीला पाहावेही लागत नाही. दुसऱ्या घरची बाई त्या ओट्यापाशी उभी राहिली तर मोहरीऐवजी जिऱ्यात हात घालते, याचा अर्थ डबा चुकीचा लावला आहे असा होत नाही. तो एका हाताचा आहे.

आता दुकानात मिळणारी मांडणी पाहा. रंगाच्या साठ बाटल्या जांभळ्यापासून तांबड्यापर्यंत इंद्रधनुष्यासारख्या उभ्या. दिसतात सुरेख. पण मिग रंगवणाऱ्याला एका बैठकीत दोन करडे, एक रुपेरी, आणि कॉकपिटच्या आतला तो सोव्हिएत हिरवा-निळा एवढेच लागतात, आणि ते त्या घडवंचीत चार कोपऱ्यांत विखुरलेले असतात. ही रचना डोळ्यासाठी आहे. पाहुण्याच्या डोळ्यासाठी. तिचे छायाचित्र काढता येते, तिचा हेवा करता येतो, आणि तिच्यावर काम करायला घेतले की तासाभरात ती मोडते. मग मालकाला आपण अव्यवस्थित आहोत असे वाटून तो आणखी एक घडवंची घेतो. दिवाळी अंकांत 'लेखकाचे टेबल' म्हणून जी चित्रे येतात त्यांची जात हीच. टेबलावर एक कागद, त्यावर झाकण लावलेले पेन, खिडकीत कुंडी. तिथे कोणी काही लिहीत असेल अशी सुतराम शक्यता आम्हांला दिसत नाही.

याउलट दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास पाहावा. लेखनक्रियेचे निरूपण करायला बसलेले समर्थ अक्षराचे वळण, शब्दांतले आणि ओळींतले अंतर यांवर तर बोलतातच, पण तिथे थांबत नाहीत. वेगवेगळ्या देशांचे बरू, कातरी, हिंगूळ, भिजवून वाळवून साठवायची शाई, घोटायच्या फळ्या, पोथीची बासने, मेणकापड, पेट्या आणि कुलुपे, इथपर्यंत यादी जाते. परमार्थाच्या ग्रंथात कुलुपे! शाळा-महाविद्यालयांत हा समास 'सुंदर हस्ताक्षराचे महत्त्व' म्हणून शिकवला जातो आणि यादीचा भाग गाळला जातो. वास्तविक मोल त्या यादीतच आहे. शाई वाळवून ठेवायची म्हणजे उद्याचे काम आज ओळखायचे. मेणकापड हवे, कारण पाऊस येणार आहे. सतराव्या शतकातला एक मराठी ग्रंथकार कामाच्या टेबलाचा विचार आपल्यापेक्षा अधिक बारकाईने करतो, ही बाब मराठीच्या प्राध्यापकांना अस्वस्थ करत नसेल तर नवल आहे.

मधल्या काळात काय झाले? लघुनिबंध झाला. फडके, खांडेकर, काणेकर यांच्या लेखनाची गोडी आम्ही नाकारत नाही. पण त्या परंपरेने वस्तूला खुंटी केले आणि तिच्यावर 'मी'चा अंगरखा टांगला. छत्री असो की चष्मा, दुसऱ्या पानावर वस्तू नाहीशी होते आणि तिसऱ्यावर जीवनाविषयी एक हळुवार विधान उरते. अशा वाचनावर पोसलेल्या पिढ्यांना पॉलिश पेपरचा खरखरीतपणा हा लेखनाचा विषय वाटत नाही. त्यातून एखादे रूपक निघाले तरच तो लेखनयोग्य. असो.

सिद्धान्तवाल्यांनीही या टेबलाला न्याय दिलेला नाही. लेव्ही-स्ट्राउसने १९६२ च्या आपल्या 'रानटी मना'वरील ग्रंथात लघुप्रतिकृती ही कलाकृतीचा जणू नमुनाच आहे असे मांडले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की प्रत्यक्ष वस्तू जाणताना आपण भागांकडून समग्राकडे जातो, तर लघुरूपात समग्र आधी हाती येते आणि भाग मागून. विद्यापीठीय निबंधांत हा विचार हमखास भेटतो. आमचा आक्षेप साधा आहे : हा प्रेक्षकाचा अनुभव आहे. काचेच्या कपाटासमोर उभे राहिल्यावर मिग एकदम दिसते, खरे. बांधणाऱ्याला मात्र पहिले दोन आठवडे समग्र नावाची गोष्ट फक्त खोक्यावरच्या चित्रात भेटते; टेबलावर असतात ते भाग, आणि त्यांतला एक नेमका टेबलाखाली गेलेला असतो. लेव्ही-स्ट्राउसला हे अगदीच दिसले नाही असे नव्हे. प्रतिकृती हाताने घडवलेली असते, म्हणून ती वस्तूवर केलेला प्रयोग ठरते, असेही तो तिथेच म्हणतो. पण आपल्याकडे उद्धृत होते ते पहिले वाक्य. दुसऱ्या वाक्यासाठी हात खराब करावे लागतात.

या टेबलाचा खरा जाणकार आम्हांला एका कादंबरीकारात सापडतो, तो म्हणजे लॉरेन्स स्टर्न. 'ट्रिस्ट्राम शँडी'चे नऊ भाग १७५९ ते १७६७ या काळात निघाले, आणि इंग्रजी शिकवणारे आपले सहकारी ती कादंबरी 'निवेदनाचा प्रयोग' म्हणून शिकवतात. त्यातल्या टोबीकाकाचे प्रकरण जागेच्या प्रश्नावरचे आहे, ही गोष्ट सहसा कोणी बोलत नाही. नामूरच्या वेढ्यात, १६९५ साली, टोबीकाका जांघेत जखमी झाला. भेटायला येणाऱ्यांना जखम नेमकी कुठे आणि कशी झाली हे सांगताना खंदक, बुरूज, कोन यांचा गोंधळ उडे, म्हणून त्याने नामूरचा नकाशा मागवला. नकाशामागून तटबंदीशास्त्राचे ग्रंथ आले, उपकरणे आली, आणि टेबल पुरेना. मग स्टर्न जे लिहितो ते छोट्या टेबलावर काम केलेल्या प्रत्येकाने भोगले आहे : तंबाखूच्या डबीकडे हात जातो आणि कंपास पडतो, कंपास उचलायला वाकावे तर बाहीने उपकरणांची पेटी आणि मेणबत्तीची कात्री पडते, ती झेलायला जावे तर ब्लॉन्देलचा ग्रंथ खाली, आणि त्याच्यावर पागाँचा. टोबीकाका वैतागून नोकराला, म्हणजे कॉर्पोरल ट्रिमला, सांगतो की दुप्पट मोठे टेबल सांगून ये. सर्व छंदिष्टांची पहिली प्रतिक्रिया हीच असते.

ट्रिमचे उत्तर अजब आहे. टेबल कशाला, गावी चला, तिथली हिरवळ घेऊ आणि तिच्यावर मातीचाच किल्ला उठवू. मग सुरू होतो तो अपूर्व खेळ. मार्लबरोच्या फौजा युरोपात ज्या शहराला वेढा घालतील त्याची प्रतिकृती हिरवळीवर उठते, आणि वर्तमानपत्रात बातमी येईल तसतसा तट पाडला जातो. इथवर वाचून आपण हसतो, टोबीकाकाच्या निरागसपणावर प्रेम करतो. पण स्टर्न हिशेब विसरत नाही. तोफा हव्यात, तर ट्रिम कुटुंबातले वडिलोपार्जित जाड बूट कापून त्यांच्या उखळी तोफा करतो. शिसे हवे, तर तो घरभर फिरून मुलाच्या खोलीतल्या सरकत्या खिडकीची शिशाची वजने काढून नेतो. वजनावाचून ती खिडकी एक दिवस धाडकन खाली येते, पाच वर्षांच्या ट्रिस्ट्रामच्या अंगावर, आणि इजा होते ती अशा जागी की त्याची चर्चा पुढे घरभर चालते. मुलाला सांभाळणारी दासी सुझॅना, दोष आपल्यावर येणार म्हणून भिऊन पळत सुटते. ट्रिम भला माणूस, तो दोष स्वतःवर घेतो. पण वजने गेली ती गेलीच.

मिगच्या नाकातले शिसे कुठून आले, हा प्रश्न आम्ही त्यामुळे गमतीने विचारत नाही. हिरवळ मिळाली, छंद फुलला, आणि त्याची किंमत घरातल्या सर्वांत लहान माणसाने आणि चाकरीतल्या बाईने भरली. आमच्या वाचनात तरी छंदाच्या जागेवर यापेक्षा स्पष्ट बोलणारे काही नाही.

आपल्या दोन खोल्यांच्या घरांत हिरवळ नाही, पण हिशेब तोच आहे. एकाचे टेबल आठवडाभर 'त्याला हात लावू नका' म्हणून राहते, याचा अर्थ बाकीच्यांची ताटे कुठेतरी सरकलेली असतात. त्याच घरात आईचे शिवणयंत्र दर संध्याकाळी मिटते, अर्धी शिवलेली बाही टाचण्यांसकट गाठोड्यात जाते आणि दुसऱ्या दिवशी अर्धा तास मागची जागा शोधण्यात जातो. तिचे काम विमानापेक्षा कमी अचूक असते असे कोणी म्हणणार नाही. पण ते आवरता येण्याजोगे मानले गेले आहे. जेन ऑस्टिन बैठकीच्या खोलीत लहान कागदांवर लिही आणि कोणी आले की कागद टिपकागदाखाली सारी, हे तिच्या पुतण्याने लिहिलेल्या चरित्रातून आपल्याला ठाऊक झाले; १९२९ साली व्हर्जिनिया वूल्फने तेच उचलून स्वतंत्र खोलीची मागणी मांडली. ती मागणी आपण दर वर्षी परीक्षेत विचारतो. खोलीचे सोडा, दीड फुटावर पडून राहिलेले अपुरे काम कोणाचे चालते आणि कोणाचे चालत नाही, एवढा प्रश्न विद्यार्थ्यांना स्वतःच्या घरात मोजून आणायला सांगितला तर त्या निबंधाचे वजन अधिक कळेल.

एक अपवाद आपल्याकडे होता, आणि आहे : दिवाळीतला किल्ला. त्यात प्रमाणाच्या नावाने आनंदच असतो. मावळा बुरुजापेक्षा उंच, महाराजांचे सिंहासन दरवाजातून आत जाणार नाही असे. पण दगड, माती, चिखलात बुडवलेली पोती आणि वर पेरलेले अळीव हा सगळा पसारा दारात आठवडाभर पडलेला असतो, आणि येणारा-जाणारा तो ओलांडून जातो. अळीव उगवायला जे चार-सहा दिवस लागतात ते घरातली मोठी माणसेही निमूटपणे देतात. 'आवरा आता' असे कोणी म्हणत नाही. मुलांच्या अपुऱ्या कामाला सगळ्या घराने, चाळीत तर सगळ्या मजल्याने, दिलेली ही रजा आहे. वाहनतळात चिखल चालणार नाही असा नियम करणाऱ्या गृहसंस्था काय बंद करत आहेत याची त्यांना कल्पना नसावी.

तर मग टेबल लावायचे कसे, असे कोणी हटवादीपणे विचारील. विचारावेच. आमचे उत्तर असे, की टेबल कामाला बांधून टाकू नये. मोठे टेबल, भिंतभर खण, खोलीला कुलूप हा टोबीकाकाचा मार्ग झाला. उभ्या कडेचे एक मोठे ताट घ्यावे, लाकडी असले तर उत्तम, दीड फूट बाय एक फूट. कटिंग मॅट त्यात बसवावी. चालू पायरीचे सर्व काही त्या कडेच्या आत राहील, बाहेरचे एकही हत्यार नाही, असा दंडक ठेवावा. कड उभी असल्याने सुटलेला भाग जमिनीवर जाण्याआधी तिथे अडतो. बैठक संपली की ताट जसेच्या तसे उचलून कपाटावर ठेवायचे, वाळणाऱ्या भागावर एक पातेले पालथे घालायचे. धूळ बसत नाही, टेबल जेवणाला मोकळे होते, आणि काम मोडत नाही. वस्तू एकमेकींच्या संदर्भात जिथे होत्या तिथेच राहतात. फक्त त्यांचे गाव उचलून दुसरीकडे नेलेले असते. रंगाच्या आणि थिनरच्या वासासाठी खिडकी हवी, तेवढी एक अट मात्र टेबलाच्या जागेबाबत सुटत नाही.

यावर असा आक्षेप येईल, की ताट उचलून ठेवणे म्हणजे आवरणेच झाले, मग हक्काची भाषा कशाला? फरक आहे. आवरताना काम मोडून वस्तू आपापल्या घरी जातात आणि उद्या पुन्हा गोळा कराव्या लागतात. शिवणयंत्रापाशी रोज संध्याकाळी तेच घडते. ताटात काही मोडत नाही. आणि ताट विमानवाल्यापुरतेच नाही. टाचण्या लावलेली बाही त्यात तशीच सपाट राहते, अर्धी लिहिलेली उत्तरपत्रिकांची टिपणे राहतात, मुलाचे सुटे केलेले घड्याळ राहते. साध्या कपाटाच्या माथ्यावर अशी दोन ताटे शेजारी शेजारी मावतात, तिसरे उभ्या पट्ट्या टाकून वर चढवता येते. दुसरे आणि तिसरे कोणाचे, हे ठरवूनच पहिल्यासाठी सुताराकडे माप द्यावे.